«नको मला जड जाऊ»: जात्यावरच्या एका ओवीचा अर्थ

जात्या ईसवरा, नको मला जड जाऊ
बयाच्या दुधाचा, सया पाहत्यात अनुभवू

ही ओवी मी माझ्या आजीकडून ऐकली. ती तिनं रचलेली नाही. महाराष्ट्रात गावोगावच्या बायकांच्या तोंडी ती सापडते. कुठे ‘ईसवरा’च्या जागी ‘ईश्वरा’ येतं, कुठे एखादं ‘गं बाई’ मध्ये शिरतं. पण माझ्यापुरती ती आजीचीच, आणि लहानपणी तिचा अर्थ मला भलताच वाटायचा. ‘दुधाचा अनुभव’ म्हणजे शेजारच्या बायका दूध घट्ट आहे की पातळ ते बघतात, असं मी धरून चालले होते. आजीला कधी विचारलं नाही. गाण्याचा अर्थ विचारायचा असतो, हेच तेव्हा ठाऊक नव्हतं.

पुढे अर्थ कळला तेव्हा लक्षात आलं, की या दोन ओळी समजून घ्यायच्या तर जातं म्हणजे काय, ते पहाटेच का फिरतं, दगडाला देव का म्हणायचं, सासरी आलेल्या मुलीच्या मनगटाकडे लोक का बघतात, हे सगळं ठाऊक असावं लागतं. गाणाऱ्या बाईला ते ठाऊक होतं, ऐकणाऱ्यांनाही होतं, म्हणून ओवीत त्यातलं काहीच सांगितलेलं नाही. आपल्याला ते नव्यानं गोळा करावं लागतं. म्हणून हा लेख.

आधी जातं. दोन गोल दगड एकावर एक. खालचा जागेवर स्थिर, वरचा फिरता. वरच्या दगडाच्या मधोमध एक भोक असतं, त्याला जात्याचं तोंड म्हणतात. वरच्या दगडाच्या कडेला उभा लाकडी खुंटा ठोकलेला असतो. बाई एक पाय लांब करून किंवा मांडी घालून बसते, एका हातानं खुंटा धरून दगड फिरवते आणि दुसऱ्या हातानं सुपातलं मूठमूठ धान्य तोंडात सोडते. त्या मुठीला कुणी घास म्हणतं, कुणी वैरण. दोन दगडांमधून चारी बाजूंनी पीठ झरत राहतं. दळण जास्त असलं तर दोघी समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात लावतात.

हे शब्द नीट ऐकण्यासारखे आहेत. तोंड, घास, वैरण. घरातल्या माणसाला घास भरवावा, गोठ्यातल्या गाईपुढे वैरण टाकावी, त्याच शब्दांनी जात्याला धान्य दिलं जातं. म्हणजे भाषेनं त्या दगडाला आधीच जिवंत केलेलं आहे. ओवीत बाई त्याला हाक मारते, तेव्हा ती काही नवी कल्पना लढवत नसते.

आणि ‘ईश्वर’ म्हणण्यातही तिला अतिशयोक्ती वाटत नाही. जात्याला पाय लावायचा नाही, त्यावर बसायचं नाही. लग्नघरी जातं मांडून त्याला हळदकुंकू लावतात, खुंट्याला सुपारी आणि हळकुंड बांधतात आणि मग त्यावर लग्नाची हळद दळली जाते. आपल्याकडे बारशाच्या दिवशी वरवंट्याला सुद्धा टोपडं घालून बाळासारखं पाळण्याखालून एका हातातून दुसऱ्या हातात देतात. धान्य, हळद, मसाला ज्यांच्यातून निघतो ते दगड घरातली माणसंच असतात. शिवाय ओवीतला हा ‘ईश्वर’ देव्हाऱ्यातला नाही. देव्हाऱ्यातल्या देवाजवळ जायचं तर सोवळं-ओवळं, घरातल्या पुरुषांची परवानगी, पाळीचे चार दिवस, असं सगळं मध्ये येतं. जातं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात असतं आणि त्याच्याशी रोज पहाटे बाईची एकटीची गाठ पडते.

पहाटच का, याचं कारण अगदी व्यवहारातलं आहे. ज्वारी-बाजरीचं पीठ ताजं लागतं. बाजरीच्या दाण्यात स्निग्धांश बराच असतो, त्यामुळे तिचं पीठ लवकर कडवट होतं. आठ दिवसांचं एकदम दळून ठेवायची सोय नाही. रोजच्या भाकरीपुरतं रोज दळायचं. आणि दिवस उजाडला की पाणी, शेण, झाडलोट, स्वयंपाक, रान. मग दळायला उरते ती कोंबडं आरवायच्या आधीची वेळ. घर झोपलेलं असतं. अंधार असतो. जात्याची घरघर सुरू झाली की तिच्या आड बाईचा आवाज चालतो. दिवसभर ज्या सुनेनं खाली मान घालून ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच बोलायचं, तिच्यासाठी ही एक-दोन तासांची जागा मोकळी होती. कुणी तिला ती दिली नव्हती, कामानंच ती तयार झाली होती.

माझ्या मते ओवी समजण्याची खरी किल्ली इथे आहे. पुष्कळदा सांगितलं जातं, की श्रमाचा शीण जाणवू नये म्हणून बायका गात. ते खोटं नाही. पण तेवढंच असतं तर नुसत्या ‘हं हं’नं किंवा देवाच्या नावानं भागलं असतं. ओव्यांमध्ये जे बोललं गेलं आहे ते शीण घालवण्यापलीकडचं आहे. दुसरीकडे कुठे बोलता न येणारं बोलणं तिथे बोललं गेलं. याच घराण्यातली दुसरी एक ओवी ते स्वच्छ सांगते:

जात्या ईसवरा, तू डोंगरीचा ऋषी
माऊलीवाणी हुरदं उकलते तुझ्यापाशी

हुरदं म्हणजे हृदय. डोंगरातून फोडून आणलेला दगड, म्हणून डोंगरीचा ऋषी: मुका, जुना, ऐकून घेणारा. त्याच्यापाशी आईपाशी उकलावं तसं मन उकलते, असं ती म्हणते. ‘उकलणे’ हा शब्द मला फार आवडतो. गाठ उकलते, कोडं उकलतं. घट्ट बसलेलं काहीतरी हळूहळू सुटं होतं. समोर दाणेही तसेच फुटत असतात. बहिणाबाई चौधरींनी घरोट्यावर, म्हणजे जात्यावर, कविता केली तेव्हा त्यांनाही हेच दिसलं होतं: जात्यातून पीठ पडावं तसं गाणं पोटातून ओठांवर येतं.

आता आपल्या ओवीकडे परत येऊ. ‘नको मला जड जाऊ.’ मराठीत ‘जड जाणे’ हे वजनापुरतं नसतं. काम जड जातं, बाळंतपण जड जातं, दिवस जड जातात, एखाद्याला उत्तर देणं जड जातं. बाई वरवर दगडाच्या वजनाबद्दल बोलते आहे. पण हे दोन शब्द उच्चारताना तिचं सगळं सासर त्यात येतं. दगड जड आहेच, तो काही विनंती केल्यानं हलका होणार नाही. तिला ते माहीत आहे. ती मागते ते एवढंच, की आज तरी, या बघणाऱ्यांसमोर, माझी फजिती करू नकोस.

बघणारे कोण? ‘सया’. सई म्हणजे मैत्रीण, सखी. सासरच्या गावात तिच्या वयाच्या, तिच्यासारख्याच दुसऱ्या गावांतून आलेल्या सुना. आणि त्या बघताहेत काय? ‘बयाच्या दुधाचा अनुभव.’ बया म्हणजे आई. पुणे, सातारा, नगर भागात हा शब्द ओव्यांमधून सारखा भेटतो. अनुभव इथे प्रचीतीच्या अर्थानं आला आहे, परीक्षा म्हटलं तरी चालेल. आईचं दूध किती सकस होतं, तिनं लेकीला कसं वाढवलं, याची परीक्षा लेकीच्या दंडात होणार आहे. लेक दोन पायली दळून उठली आणि दमली नाही, तर आईचं नाव झालं. तिचा हात मध्येच ढिला पडला, तर बोल आईला लागणार.

इथे मी बराच वेळ थांबते. लग्न होऊन गेलेल्या मुलीकडे माहेरचं असं काय उरत असे? घर गेलं, आडनाव बदललं, कित्येक घरांत नावही बदललं. लुगडं-चोळी सासरची. माहेरची वाट दिवाळीला किंवा पंचमीला, तीही मुराळी म्हणून भाऊ न्यायला आला तर. जे कुणालाही काढून घेता येत नाही असं माहेरचं एकच तिच्यापाशी शिल्लक राहतं: अंगात मुरलेलं आईचं दूध. ओवी नेमकं त्यावर बोट ठेवते. आणखी एका ओवीत हेच अभिमानानं येतं. जातं ओढताना हरिणी पळावी तसा हात पळतो आणि बयाचं दूध मनगटात खेळतं, असं ती म्हणते. एकीकडे विनवणी, दुसरीकडे हा तोरा. दोन्ही एकाच बाईचे असू शकतात, एकाच पहाटेचेही. दळण सुरू करताना अंग मोकळं असतं तेव्हा हरिणी, आणि शेवटच्या सुपाला पोचल्यावर ‘नको मला जड जाऊ’. आजीच्या दळण्यात मी हा क्रम ऐकलेला आहे.

एक प्रश्न मला अनेक वर्षं छळत होता. परीक्षा घेणारी खरं तर सासू. मग ओवीत सया का? माझा अंदाज असा, की सासू कानाच्या टप्प्यात झोपलेली किंवा जागी पडलेली असते. तिचं नाव घेऊन काही म्हणणं धोक्याचं. ‘सया’ म्हटलं की कुणावरच रोख राहत नाही. पण दुसरंही एक कारण असू शकतं, आणि ते मला जास्त पटतं. समोर खुंट्याला हात लावून बसलेली जोडीदारीण हीच सई. एकीचा हात सैल पडला की दुसरीला ओझं ताबडतोब कळतं. जात्यावर खोटं बोलता येत नाही. जिच्याबरोबर काम करायचं तिला आपला भार होऊ नये, तिनं आपल्या आईला कमी लेखू नये, ही लाज सासूच्या धाकापेक्षा वेगळी आणि अधिक आतली आहे.

काही वाचक म्हणतील, की ही ओवी तर सोसायलाच शिकवते. दगड हलका कर म्हणते, दळण माझ्याच वाट्याला का, असं विचारत नाही. आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. या एका ओवीत बंड नाही. पण एका ओवीवरून बाईचं मन ठरवणं म्हणजे एका दाण्यावरून पीक ठरवणं. त्याच जात्यावर हीसुद्धा ओवी आहे:

अस्तुरी जल्मा नको घालू शिरीहरी
रात ना दिस परायाची ताबेदारी

बाईच्या जन्माला घालू नकोस, रात्रंदिवस परक्याची ताबेदारी करावी लागते, असं ती देवाला थेट सुनावते. आणि सीतेच्या ओव्यांमध्ये तर दुःखाची वाटणीच मांडलेली आहे:

सीतेला सासुरवास, झाला केसोकेसी
सीतेनं धाडियेला, वाटून देशोदेशी

डोक्यावर जितके केस तितका सासुरवास सीतेला झाला आणि तिनं तो देशोदेशीच्या बायांना वाटून टाकला. रामायणाच्या कुठल्याही पोथीत हे वाक्य नाही. ते जात्यापाशी बसलेल्या बाईनं लिहिलं. माझ्या वाट्याला आलेला त्रास हा सीतेच्या त्रासाचाच एक केस आहे, असा त्याचा अर्थ. म्हणजे मी एकटी नाही, आणि ज्या गोष्टीत राम आदर्श आहे तिच्यात सीतेचं म्हणणं वेगळं आहे. तारा भवाळकरांसारख्या अभ्यासकांनी आयुष्यभर हेच दाखवून दिलं, की लोकसाहित्यातली बाई मुकी नाही. आपण ऐकायला उशिरा बसलो.

ओवी किती जुनी, हा प्रश्न नेहमी येतो. ओवी हा शब्द ‘ओवणे’ या क्रियापदाशी जोडला जातो: मण्यांसारखे शब्द एका दोऱ्यात. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या 1129च्या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. ज्ञानेश्वरी 1290ची. म्हणजे मराठीतला तो महान ग्रंथ लिहिला गेला त्याच्या दीडशेहून अधिक वर्षं आधी बायकांच्या ओवीची दखल एका राजाच्या ग्रंथानं घेतली होती. ज्ञानेश्वरीची ओवी कशी असते ते तिच्या पहिल्याच ओवीत दिसतं: ‘ॐ नमो जी आद्या, वेद प्रतिपाद्या, जय जय स्वसंवेद्या, आत्मरूपा’. तीन चरणांचं यमक जुळतं, चौथा आखूड आणि मोकळा राहतो. ‘पहिली माझी ओवी, पहिला माझा नेम, तुळशीखाली राम, पोथी वाचे’ या बायकांच्या ओवीचा सांगाडा जवळपास तसाच आहे. ग्रंथातली ओवी गळ्यातल्या ओवीतून आली असावी, असं अनेक अभ्यासक मानतात. मला त्यात आश्चर्य वाटत नाही. ज्याला सगळ्यांना कळेल असं सांगायचं होतं त्यानं घरोघरी रुजलेली चाल उचलली.

जात्यावर मात्र ओवीचे दोन ओळींचे प्रकार जास्त ऐकू येतात, आपल्या ओवीसारखे. रचनेची एक युक्ती त्यात असते. पहिली ओळ बरेचदा तयार मिळते, ती सगळ्यांची. दुसऱ्या ओळीत बाई आपलं माणूस बसवते: आपल्या मुलाचं नाव, भावाच्या गावाचं नाव, आईची एखादी खूण. म्हणून एकच ओवी शंभर घरांत शंभर जणींची होते. गाताना ओळ जशीच्या तशी म्हणत नाहीत. अर्धी ओळ दोनदा, मध्ये ‘गं बाई’, ‘सांगते तुला’ असे भरीचे शब्द, मग उरलेली ओळ. दगडाचा फेरा आणि श्वास यांच्या हिशेबानं शब्द ताणले जातात. त्यातच पुढची ओवी सुचायला अवकाशही मिळतो. कागदावर दोन ओळी दिसतात, पण जात्यावर त्यांना पाच-सहा फेरे सहज लागतात. छापलेल्या ओव्या सलग वाचल्या की कधी कधी त्या कोरड्या वाटतात, त्याचं कारण हे. मधले फेरे छापता येत नाहीत.

जनाबाईंनी हे सगळं घेतलं आणि विठ्ठलाला थेट जात्यापाशी बोलावलं. ‘सुंदर माझे जाते गे फिरे बहुतेके, ओव्या गाऊ कौतुके, तू येरे बा विठ्ठला.’ जनाबाई दळायला बसली की पांडुरंग तिच्याबरोबर खुंटा धरतो, ही कथा वारकऱ्यांना पाठ आहे. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचं जातं म्हणून एक जातं दाखवतात, आणि वारीला गेलेल्या बायका त्याला हात लावून आल्याशिवाय राहत नाहीत. माझी आजीही लावून आली होती. लोक याला भक्तीची कथा म्हणतात, आहेच ती. पण दळणाऱ्या बाईच्या बाजूनं ऐकलं तर तिच्यात एक साधी, अगदी शरीराची इच्छा आहे: कुणीतरी समोर बसून खुंट्याला दुसरा हात लावावा. घरातलं कुणी लावत नाही, तर देवानं लावावा.

ओवीचा साचा नव्या माणसांनाही सहज आत घेतो. ‘पहिली माझी ओवी’ म्हणून पूर्वी राम, विठ्ठल, आई-बाप यांना ओवी वाहायची पद्धत होती. दलित बायकांनी त्याच पद्धतीनं पहिली ओवी भीमरायाला वाहिली, बाबासाहेबांच्या आणि रमाबाईंच्या ओव्या रचल्या. जुन्या साच्यात नवा देव बसवला एवढंच ते नाही. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली नव्हती त्यांनी आपला मानाचा पहिला मणी कुणासाठी ओवायचा, हे स्वतः ठरवलं.

या ओव्या आज वाचायला-ऐकायला मिळतात त्यामागे काही माणसांचे मोठे कष्ट आहेत. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा केल्या, ना. गो. नांदापूरकरांनी मराठवाड्यातल्या केल्या, सरोजिनी बाबरांनी राज्याच्या लोकसाहित्य समितीमार्फत प्रचंड काम उभं केलं. 1980च्या दशकात गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून सुरू केलेल्या कामात महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून तीन हजारांवर बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या नोंदल्या गेल्या. त्या आता ‘पारी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्यानं येत आहेत, पुष्कळ ठिकाणी आवाजासकट. आवाज ऐकाच. छापील ओवीत जो फेरा हरवतो तो तिथे सापडतो.

लाख ओव्या म्हटल्यावर छाती दडपते. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की यांतली बहुतेक बाई लिहू-वाचू शकत नव्हती. तिनं जे रचलं ते आठवणीच्या जोरावर टिकलं, आणि आठवण हाताच्या हालचालीला बांधलेली होती. हे मी घरात पाहिलं आहे. आमच्या गावात पिठाची गिरणी आली तेव्हा आजीचं जातं हळूहळू भिंतीकडेला सरकलं. डाळ भरडायची, सणाचं थोडं दळायचं, एवढ्यापुरतं ते राहिलं. मी कॉलेजात असताना एकदा वही घेऊन तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, ओव्या सांग, लिहून घेते. तिला दोन आठवल्या. त्याही अर्ध्या. ती ओशाळली, मीही. मग तिलाच वाटलं म्हणून तिनं मूठभर हरभरे आणले, जातं पुसलं आणि खुंट्याला हात घातला. दगडाची घरघर सुरू झाली आणि ओव्या यायला लागल्या. मला लिहिणं जमेना इतक्या. ती थांबली की ओवी थांबायची.

त्याच दिवशी मी तिला या ओवीचा अर्थ विचारला. ती म्हणाली, “आगं, आपल्या आईला कुनी नाव ठिवू नये, म्हून म्हनायचं.” एवढंच. नंतर थोड्या वेळानं, विचारलं नसताना म्हणाली, “लई जड जायचं बग सुरवातीला. चौदाचं वय. हाताला फोड यायचं.” गिरणी आल्याचं तिला कधीच वाईट वाटलं नव्हतं. गिरणीच्या पिठाच्या भाकरीला ती चव नाही, असं घरातले पुरुष म्हणत. आजीच्या तोंडून ते मी एकदाही ऐकलं नाही.

हे मुद्दाम सांगते आहे. ओवी गेली म्हणून हळहळताना आपण नकळत ते दळणही परत मागतो की काय, याकडे लक्ष असावं. जातं गेलं हे चांगलंच झालं. प्रश्न आहे तो जात्यापाशी तयार झालेल्या त्या जागेचा. घर झोपलेलं, समोर एक मुका ऐकणारा, शेजारी एक सई, आणि मनातलं बोलायला एक चाल. गिरणीनं काम घेतलं आणि त्यासोबत ती वेळही गेली. गिरणीच्या रांगेत डबा ठेवून बायका बोलत असतील, पण तिथे कुणी ‘हुरदं उकलत’ नाही.

आजी गेल्यानंतर चार वर्षांनी माझ्या चुलतभावाचं लग्न झालं. हळदीसाठी माळ्यावरचं जातं खाली काढलं, धुतलं, खुंट्याला सुपारी आणि हळकुंड बांधलं. पाच सवाष्णींनी हात लावला. मोबाईलवर फोटो काढून झाले. कुणीतरी म्हणालं, ओवी म्हणा कुणीतरी. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मग माझी आत्या पुढे सरकली, पदर खोचला, खुंटा धरला. दोन फेरे नुसतेच फिरवले, बहुधा हात ओळखीचा व्हावा म्हणून. आणि तिनं हीच ओवी काढली. ‘जात्या ईसवरा, नको मला जड जाऊ.’

मी ही ओवी नेहमी आजीची म्हणून ऐकली होती. तिच्या तोंडून येणारी ‘बया’ म्हणजे माझी पणजी, जिला मी पाहिलेलं नाही. आत्या दुसऱ्या ओळीवर आली आणि ‘बयाच्या दुधाचा’ म्हणताना तिचा आवाज जरा खाली गेला, तेव्हा कळलं की आता त्या शब्दात आजी आहे. गाणारी होती, ती गाण्यात जाऊन बसली होती. आत्यानं ओळ पुरी केली, डाव्या हातानं हळकुंडाचे तुकडे जात्याच्या तोंडात सोडले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, “ये, दुसरा हात लाव.”